बाकाचा कप्पा

शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराची घंटा झाली की मुले दप्तरे पाठीला अडकवून जिन्यावरून धडाधड उतरतात आणि पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा इतका शांत होतो की खालच्या अंगणातल्या गळक्या नळाचा आवाज वर ऐकू येतो. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका शनिवारी मी नववीच्या वर्गात मागे थांबले होते, कारण माझी चष्म्याची डबी सापडत नव्हती. टेबलावर नाही, खुर्चीत नाही, तेव्हा कुणीतरी गमतीने बाकात ठेवली असेल असे वाटून मी पहिल्या रांगेतल्या पहिल्या बाकाच्या कप्प्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी चिकट लागताच तो झटकन मागे घेतला. मग खाली वाकून मोबाईलचा उजेड आत टाकला.

वेफर्सची दोन पाकिटे होती, एक दुसऱ्याच्या पोटात घालून चेपलेली. शाई संपलेली तीन पेने होती, त्यांतल्या एकाचे टोपण चावून चावून पांढरे पडलेले. फळांच्या रसाचा एक छोटा खोका होता, आणि त्यातून पाझरलेला आंबट-गोड चिकटा ज्याला माझी बोटे लागली होती तो. पेन्सिलीच्या साली होत्या, चिंचेच्या गोळ्यांचे कागद होते, वाळून पापडासारखी झालेली अर्धी पोळी होती. सगळ्यांत आत, अगदी कोपऱ्यात, गेल्याच आठवड्यात मी तपासून दिलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिकेचा घट्ट बोळा होता. तो उलगडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. वीसपैकी सात गुण. त्या बोळ्याचे कारण तरी मला समजले.

डबी नंतर घरी माझ्याच पर्समध्ये मिळाली, पण त्या दिवशी मी तीसही बाकांचे कप्पे पाहिले. दोन-तीन अपवाद सोडले तर सगळीकडे हेच. आणि गंमत अशी की वर्गाची फरशी मात्र लख्ख होती. आमच्या मावशी रोज दुपारी सगळा मजला झाडतात, आणि एखादा कागद जरी पायाखाली दिसला तरी मी स्वतः तास थांबवून तो उचलायला लावते, याबद्दल शाळेत माझा थोडा लौकिकही आहे. माझ्या वर्गात कचरा नसतो असे मी शिक्षकखोलीत अनेकदा म्हटले असेन. तो सगळा कचरा माझ्यापासून दीड हातावर, मुलांच्या गुडघ्यांच्या वर, लाकडी फळीखाली साठत होता.

मुलांच्या बाजूने विचार केला तर यात चुकीचे फारसे काही दिसत नाही. केराची बादली दाराशी असते. तास चालू असताना जागेवरून उठायचे नसते. मधल्या सुट्टीत डबा खाऊन, हात धुऊन, मैदानावर एक डाव टाकून परत यायला वीस मिनिटे मिळतात. फरशीवर टाकले तर बाई ओरडतात. मग हातातल्या पाकिटाने जावे कुठे? ते तिथे जाते जिथे बाईंची नजर पोहोचत नाही. मुलांना कचरा टाकायची सवय वाईट लागली आहे असे आपण म्हणतो, पण माझ्या वर्गातल्या मुलांना लागलेली सवय टाकण्याची नव्हतीच, लपवण्याची होती, आणि ती लावण्यात माझा वाटा मोठा होता.

त्यांना माहिती नाही, असे तर कुणीच म्हणू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांत द्यायला सांगितले, त्यानंतरच्या साऱ्या पिढ्या हा विषय पाठ करूनच मोठ्या झाल्या आहेत. ओला कचरा आणि सुका कचरा यांतील फरक स्पष्ट करा, हा प्रश्न आला की वर्गातला सर्वांत ढ समजला जाणारा मुलगाही चारपैकी चार गुण मिळवतो. भाजीपाला, उरलेले अन्न, फळांच्या साली ओल्या कचऱ्यात, कागद, काच, प्लास्टिक, धातू सुक्या कचऱ्यात, ओल्याचे खत, सुक्याचा पुनर्वापर. अक्षर वळणदार, मुद्दे अधोरेखित. उत्तर लिहून झाले की तो मुलगा पेनाची संपलेली रिफिल काढून बाकात टाकतो आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतो. ज्ञान आणि हात यांच्यामध्ये कुठेतरी एक दार आहे आणि ते आम्ही शिक्षकांनी कधी उघडूनच पाहिलेले नाही.

आणि मग ते ‘टाकाऊतून टिकाऊ’. हा प्रकल्प मी स्वतः कितीतरी वर्षे मुलांना देत आले आहे, म्हणून त्याच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे असे समजते. आइस्क्रीमच्या काड्यांचे घर करायचे असते, तर आइस्क्रीम खाऊन काड्या साठवणारे मूल मी अजून पाहिलेले नाही. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात कोऱ्या काड्यांचे पुडके मिळते. प्लास्टिकच्या बाटलीचे पेनस्टँड करायचे असते, तर आदल्या रात्री नऊ वाजता वडिलांना शीतपेयाची बाटली आणायला पिटाळले जाते आणि आतले पेय रात्रीतच संपवावे लागते. त्यावर चमकी, रंगीत फोम, गरम गोंदाच्या कांड्या, सगळे नवे. म्हणजे टाकाऊ नसलेली वस्तू विकत आणून ती टाकाऊ करायची आणि मग तिला टिकाऊ म्हणायचे. गुण दिले की ही पेनस्टँडे कपाटावर चढतात आणि एप्रिलअखेर कपाटे साफ करताना मावशी ती पोत्यात भरतात. चमकी आणि फोम चिकटवलेली बाटली भंगारवाला घेत नाही. साधी असती तर घेतली असती.

भंगारवाला काय घेतो आणि काय घेत नाही, हे आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला तपशीलवार सापडलेले नाही, आणि खरे तर सगळी मेख तिथेच आहे. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, काच, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या यांना भाव असतो, म्हणून त्या रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाहीत; कुणाचा तरी हात त्यांच्यापर्यंत पोहोचतो. वेफर्सच्या पाकिटाला भाव नसतो. आतून चांदीसारखे चमकणारे ते पाकीट एका पदार्थाचे नसून एकमेकांना चिकटवलेल्या पातळ थरांचे बनलेले असते. बाहेर छपाईचे प्लास्टिक, आत ॲल्युमिनियमचा अगदी विरळ लेप दिलेले दुसरे प्लास्टिक, आणि पाकीट फुगीर दिसावे, आतला माल कुरकुरीत राहावा म्हणून भरलेला नायट्रोजन. हवा, ओल आणि उजेड आत येऊ नये यासाठी हे थर घट्ट बसवलेले असतात आणि म्हणूनच ते पुन्हा सुटे करणे परवडत नाही. शिवाय पाच रुपयांच्या पाकिटाचे वजन दोन-तीन ग्रॅम असते. भंगार वजनावर विकले जाते. किलोभर पाकिटे जमवायची तर तीनशे ते पाचशे वेळा वाकावे लागेल, आणि एवढे वाकूनही ती कुणी विकत घेणार नाही. फार झाले तर ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, नाहीतर कचरा डेपोवर.

महाराष्ट्रात 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा शाळेत आम्ही प्रभातफेरी काढली होती. पिशव्या गेल्या, थर्माकोलच्या ताटल्या गेल्या, किमान काही काळ तरी. पुढे 1 जुलै 2022 पासून देशभरात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि रसाच्या खोक्यावरची नळी कागदाची झाली. मुले ती चावतात, ती ओली होऊन मऊ पडते, मग वैतागून खोकाच टाकतात. पण कारखान्यातूनच भरून येणारे वेफर्सचे पाकीट या बंदीच्या बाहेर राहिले, आणि माझ्या तीस बाकांत सर्वाधिक संख्या त्याचीच होती. मुलांना दोष देताना हेही लक्षात ठेवावे लागते की त्यांच्या हातात पाच रुपयांत जे येते ते आधीच कचरा होण्यासाठी जन्माला आलेले असते. पेनाचेही तेच. मी एकाला विचारले, रिफिल का घेत नाहीस? तो म्हणाला, “बाई, रिफिल मागितली की दुकानदार हसतो. नवीन पेनच देतो.”

या ठिकाणी माझ्या वयाच्या माणसाने ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करायची असते. करते, पण फार गोड करून सांगणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत 1980 च्या दशकात केराची बादली नावाची वस्तूच नव्हती. आम्ही बोरे खाऊन बिया जागच्या जागी थुंकत होतो, भुईमुगाच्या शेंगांची टरफले खिडकीतून उडवत होतो, चिंचोके बाकाच्या फटीत ठोकून बसवत होतो आणि भेळेचा कागद चाटून पुसून वाऱ्यावर सोडत होतो. सवय आजच्या मुलांसारखीच होती. आमचा कचरा कुजत होता, गाईगुरे खात होती, चुलीत जात होता, एवढाच काय तो फरक. त्याचे श्रेय आम्हाला नाही, बोरांना आहे.

वर्ग झाडायची पाळी मात्र होती. पाळी म्हणजे मुलींची. मुलगे पाणी भरत, मुली केर काढत, आणि याविषयी कुणाला काही वावगे वाटत नसे. शाळेच्या मागे मुताऱ्या होत्या. त्या धुवायला एक ठरावीक माणूस ठरावीक वस्तीतून येत असे आणि तो येऊन गेला हे फक्त वासावरून कळत असे. त्याच्या घरातली मुलगी आमच्या वर्गात होती. तिच्या पाळीच्या दिवशी बाकीच्या दोघी तिच्या हातात झाडू देऊन बाहेर लगोरी खेळायला जात. मी त्या दोघींपैकी एक होते की नव्हते हे मला आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ बहुधा मी होते.

हे सारे इतक्या वर्षांनी वर आले ते आणखी एका प्रसंगामुळे, जो मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितला नव्हता. बाकांचा शोध लागण्याच्या आधीच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, शेवटच्या बाकावर बसणारा, गृहपाठ सलग तिसऱ्यांदा न आणलेला. मी चिडले आणि शिक्षक चिडल्यावर जे करतात ते केले. म्हटले, मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेचा सगळा केर काढायचा, मगच डबा खायचा. वर्ग हसला. तो काही न बोलता गेला. वीस मिनिटांनी मी व्हरांड्यातून खाली पाहिले तर मैदानाची कड साफ होती आणि भिंतीशी तीन ढीग लागले होते: एक कागद-पुठ्ठ्याचा, एक बाटल्यांचा, झाकणे काढून वेगळी ठेवलेल्या, आणि एक उरलेल्या सगळ्याचा, ज्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून विटेचा तुकडा ठेवला होता. मी खाली जाऊन विचारले की तुला नुसते एका ठिकाणी गोळा करायला सांगितले होते, हे वेगळे का केलेस? तो म्हणाला, “एकत्र केलं तर परत कुणालातरी हातानं काढायला लागतं, बाई.”

मला ते उत्तर आवडले. मी त्याला वर्गासमोर शाबासकीही दिली, जी त्याने खाली मान घालून घेतली, आणि मला वाटले लाजला. पुढच्या पालकसभेला त्याची आई आली ती कामावरूनच, कोटाच्या खिशात हातमोजे खुपसलेले. त्या कचरावेचक आहेत, आमच्याच भागातल्या सोसायट्यांतून सकाळी कचरा उचलतात, हे मला तेव्हा कळले. ज्या कामाने त्याच्या घरातली चूल पेटते तेच काम मी त्याला भर वर्गात अपमान म्हणून वाटून दिले होते आणि वर शाबासकी देऊन मोकळी झाले होते. त्या बाईंशी मी गृहपाठाविषयी बोलले. दुसरे काही बोलायला मला सुचले नाही.

पुण्याला या बाबतीत खरे तर अभिमानाने सांगण्यासारखा इतिहास आहे. 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने इथल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना बांधली. नावातच त्यांच्या रोजच्या मालाची यादी आहे. त्यात बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही दलित समाजातल्या. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन घरोघरचा कचरा उचलण्याचे काम त्यांच्याकडे आले. उकिरडा चिवडणारी बाई दारावर हक्काने येऊन कचरा मागू लागली, हा बदल लहान नव्हे. पण पुण्यातल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मी हे कधी सांगितले नव्हते. स्वच्छतेचा विषय निघाला की आम्ही संत गाडगेबाबांच्या तसबिरीकडे बोट दाखवतो. 23 फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीची भाषणे होतात. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आम्ही कीर्तनापासून सुरुवात करतो आणि झाडू शिक्षा म्हणून वाटतो.

त्या दिवसापासून केर काढायची शिक्षा मी बंद केली. गृहपाठ न आणणाऱ्याला दुसरी काय शिक्षा द्यावी हे मात्र अजून नीट सुचलेले नाही.

कचरा शेवटी जातो कुठे, हा प्रश्न मी एकदा वर्गाला विचारला होता, तेव्हा बहुतेकांनी ‘घंटागाडीत’ असे उत्तर दिले. ते खोटे नव्हे. आपल्यापैकी अनेकांसाठी कचऱ्याचा प्रवास घंटागाडीच्या मागच्या फळीपाशीच संपतो. एका मुलीने हात वर केला. तिचे आजोळ फुरसुंगीचे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे जाऊन पडला, त्याचे डोंगर झाले, जमिनीखालचे पाणी नासले आणि गावांना टँकरवर दिवस काढावे लागले. 2017 च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे पुण्यातल्या पेठांत, उपनगरांत कचरा साचून राहिला होता. ती मुलगी तेव्हा फारच लहान असणार. तिला आंदोलन आठवत नव्हते, तिला आठवत होते ते एवढेच की सुट्टीत मामाकडे गेले की आई बजावायची, विहिरीचे पाणी तोंडात घ्यायचे नाही, आंघोळीच्या वेळीसुद्धा ओठ मिटून ठेवायचे. वर्गातल्या मुलांनी आपापले ओठ मिटून पाहिले. मी त्या तासाला पुढचे काही शिकवले नाही.

आता जरा अवघड विषयाकडे येते, जो शाळांच्या स्वच्छतेच्या अहवालांत ‘इतर’ या रकान्यात जातो. मुलींच्या स्वच्छतागृहाचा पाइप वर्षातून दोन-तीनदा तुंबतो. तो मोकळा करायला माणूस येतो, लांब तार घालतो आणि जे बाहेर येते त्याकडे बघून शाळेतले पुरुष कर्मचारी दुसरीकडे पाहू लागतात. ग्रामीण भागातल्या जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी राज्याने 8 मार्च 2018 रोजी अस्मिता योजना सुरू केली आणि पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट देऊ केले. शहरांत तर ते दुकानोदुकानी मिळते. पॅड मिळण्याची सोय झाली, ते टाकायचे कुठे याचा विचार मागेच राहिला. वापरलेला पॅड नीट गुंडाळूनच द्यावा असे घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी सांगितले आहे, आणि हातांनी कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना ओळखता यावे म्हणून गुंडाळीवर लाल ठिपका काढा, असेही पुण्यात वारंवार सुचवले गेले आहे. उघडे पॅड हातांनी काढायला लागतात या संतापाने ‘स्वच्छ’च्या बायकांनी 2013 मध्ये वापरलेली पॅड पिशव्यांत भरून थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिली होती.

आमच्या शाळेत भिंतीवर पॅड जाळायचे यंत्र आहे, ते बंद आहे. ते का बंद आहे याच्या तीन निरनिराळ्या कथा मी ऐकल्या आहेत. झाकणाची बादली होती, पण ती होती स्वच्छतागृहाच्या बाहेर, मुलामुलींच्या जाण्यायेण्याच्या बोळात, कारण आत ठेवली तर रिकामी करायला कोण जाणार? तेरा-चौदा वर्षांची मुलगी हातात गुंडाळी घेऊन त्या बोळात येईल अशी अपेक्षा कुणी केली असेल ते देव जाणे. ती अर्थातच पाणी ओढून मोकळी होत होती. गेल्या वर्षी आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी बादली आतल्या कोपऱ्यात नेली आणि दाराच्या मागे खिळा ठोकून त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे अडकवले, वाण्याच्या दुकानात पुड्यांचे कागद अडकवलेले असायचे तसे. शेजारी दोरीला बांधलेला लाल स्केचपेन. ही एवढीशी गोष्ट. त्यानंतर पाइप एकदाच तुंबला आहे. त्याबद्दल मी मुलींपुढे एकही भाषण केले नाही, उलट त्यांना बोलावे न लागेल अशी सोय झाली म्हणूनच ते जमले असे मला वाटते.

या अनुभवावरूनच बाकांचे काय करायचे ते सुचले. बादली हलवायची. दाराशी असलेली केराची बादली मी दोन रांगांच्या मधोमध आणली आणि तासाला, फळ्याकडे माझी पाठ असो वा तोंड, तिथपर्यंत उठून जायची परवानगी दिली. पहिले चार दिवस सारा वर्ग कचरा टाकण्याच्या निमित्ताने फेरफटका मारत होता. एकाने एका तासात पेन्सिलीला सहा वेळा टोक काढले. मग नवलाई ओसरली. खिडकीखाली पुठ्ठ्याची दोन खोकी ठेवली, एक कागदासाठी, एक संपलेल्या पेनांसाठी. शनिवारी शेवटची दहा मिनिटे बाकांचे कप्पे रिकामे करायचे, सगळ्यांनी, मुलांनीही आणि मुलींनीही, आणि माझ्या टेबलाचा खण मी करायचा. पहिल्या शनिवारी माझ्या खणातून तीन सुकलेले मार्कर, खडूंचा चुरा, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या दोन चॉकलेटांचे कागद आणि 2019 चे एक परिपत्रक निघाले. मुलांनी ते फार आनंदाने पाहिले.

आता परिणाम सांगायचा तर प्रामाणिकपणे सांगते. कागदाचे खोके भरते आणि शिपाई मामा ते रद्दीत देतात. पेनांचे खोके भरले आहे आणि त्याचे काय करायचे हे कुणालाच माहीत नाही. प्लास्टिक, धातू, शाई एकात एक अडकलेली, तिला कुणी हात लावत नाही. ते कपाटावर ठेवले आहे, पूर्वी पेनस्टँडे ठेवत होतो तिथेच. डब्यातली भाजी केरात टाकून रिकामा डबा घरी न्यायची युक्ती चालूच आहे, विशेषतः कारल्याच्या दिवशी, आणि त्यांच्या आयांना हे सांगण्याइतकी मी दुष्ट नाही. वेफर्सची पाकिटे कमी झालेली नाहीत. शाळेच्या फाटकाबाहेर दुकान आहे, पाच रुपयांचे नाणे आहे, भूक आहे. फक्त एक गोष्ट बदलली. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आता दहावीत आहे. एकदा मधल्या सुट्टीत नववीच्या मुलांना तो पाकीट उघडून दाखवत होता. कोपरा दातांनी तोडायचा नाही, पाठीमागची शिवण दोन्ही हातांनी ओढायची, म्हणजे पाकीट एकसंध राहते. तोडलेला कोपरा नखाएवढा असतो, तो झाडूत येत नाही, फरशीच्या फटीत बसतो, आणि पाकिटापेक्षा जास्त त्रास त्याचाच. हे त्याला कुणी शिकवले ते मी विचारले नाही. माझ्या वर्गात आता बरीच पाकिटे शिवणीतून उघडलेली मिळतात. सगळी नाहीत.

परवा मावशी माझ्याकडे आल्या. म्हटले, कौतुक करायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, “बाई, ते शनिवारचं तुमचं चांगलं आहे, पण आठवड्याचं सगळं एका दिवशी निघतं, आणि आता बाकीच्या वर्गांनीही धरलंय. पोतं तिसऱ्या मजल्यावरनं खाली न्यायचं म्हणजे माझी कंबर जाते. बुधवारीपण काढायला सांगा ना त्यांना.”

बुधवारी शेवटचा तास गणिताचा असतो. गणिताच्या सरांशी बोलून ठेवले आहे. दहा मिनिटे द्यायला ते तयार नाहीत, सहा देतो म्हणाले आहेत.